जितकं पाणी पितो, तितकी पिशवी भरते

उन्हाळ्यात आमच्या सोलापुरात पारा ४२ च्या पुढे गेला की माझ्याकडे हा प्रकार ठरलेला. माझं मोठं आतडं काढलंय, शौच पोटावर लावलेल्या पिशवीत येतं. सकाळी पिशवीत पेजेसारखं पडणारं दुपारपर्यंत निव्वळ पाणी व्हायचं. तोंडाला कोरड पडायची, म्हणून तांब्या तोंडाला लावायचा, आणि अर्ध्या तासात पिशवी पुन्हा टम्म. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे, खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आई म्हणायची, "पाणी पी की रं भरपूर, उन्हाचं दिवस हाईत." मी प्यायचो. पिशवी भरायची. परत कोरड.

तीन उन्हाळ्यांत दोनदा सलाइन लावून घ्यावं लागलं. दोन्ही वेळा घरी सोडताना कागदावर शेवटची ओळ एकच होती: भरपूर पाणी प्या. दुखणं त्या ओळीतच होतं, हे कळायला मला तिसरा उन्हाळा उजाडला.

आधी एक खुलासा. हे सगळं इलिओस्टॉमीबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या लहान आतड्याचं तोंड (त्याला स्टोमा म्हणतात) पोटावर, बहुधा उजव्या बाजूला, बाहेर काढलंय त्यांच्याबद्दल. माझं मोठं आतडं अल्सरेटिव्ह कोलायटिसपायी, म्हणजे त्याला आतून सूज आणि जखमा होतात त्या आजारापायी, पूर्ण काढलं. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं असतं, त्यामुळे त्यांचं मोठं आतडं थोडंफार तरी कामावर असतं. त्यांना बहुतेक वेळा उलटा, बद्धकोष्ठाचा त्रास होतो आणि त्यांना साधं पाणी, भाजीपाला, चोथा हे लागतंच. माझ्या ओळखीचे एक काका कोलोस्टॉमीवाले आहेत. आम्ही दोघं वर्षभर एकमेकांना मनापासून चुकीचे सल्ले देत होतो.

दुसरं म्हणजे बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, तर पुढे मिठाबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पहिलं काम: मोजा

"जास्त जातंय" एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. किती जातंय ते सांगायला हवं. मी मापाच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवलाय. बायकोने त्यावर लाल नेलपॉलिशने भली मोठी फुली मारली, म्हणजे तो चुकूनही स्वयंपाकघरात जायला नको. पिशवी एक तृतीयांश भरली की मगात रिकामी करायची, आकडा लिहायचा. चोवीस तासांची बेरीज भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. एका पाहुण्याने विचारलं होतं, "रोज पाऊण लिटरच्या वर दूध लागतं होय तुम्हाला?"

ऑपरेशननंतर सगळं स्थिरावलं की दिवसाला ५०० ते ८०० मिली, फार तर लिटरभर, हे ठीक. दीड लिटरच्या वर सलग दोन दिवस गेलं तर तो त्रास समजायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. माझा सगळ्यात वाईट दिवस १९०० मिलीचा होता.

सोबत दोन गोष्टी बघायच्या. लघवी गडद पिवळी आणि थोडी होतेय का? आणि सकाळचं वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं तर ती चरबी नव्हे, पाणी गेलंय. आणखी एक, रक्तातलं सोडियम बरेचदा नॉर्मल येतं आणि आपण निर्धास्त होतो. शरीर लघवीतून मीठ जाऊ देत नाही, त्यामुळे रक्तातला आकडा टिकून राहतो. लघवीतलं सोडियम तपासलं आणि ते २० च्या खाली आलं तर मिठाचा खडखडाट आहे असं समजा. ही तपासणी साधी आहे, पण आपण विचारल्याशिवाय ती फारशी कुणी लिहून देत नाही, असा माझा अनुभव.

असं का होतं?

आपण दिवसाला दोनेक लिटर खातो-पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असे आणखी सात-एक लिटर आतून मिसळतात. लहान आतडं यातलं बहुतेक परत घेतं. उरलेलं लिटर-दीड लिटर खारट पाणी ओढून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. आपल्याकडे तो कामगारच नाही. म्हणून ते पाणी पिशवीत येतं, आणि येताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम मीठ घेऊन येतं, म्हणजे चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा. दीड लिटर गेलं तर दीड चमचा मीठ गेलं. आपण तहान लागली म्हणून पाणी पितो, पण शरीराला हवं असतं मीठ.

खरी मेख पुढे आहे. लहान आतड्याचा वरचा भाग गळक्या माठासारखा असतो. बिनमिठाचं पाणी तिथे उतरलं की आधी रक्तातलं मीठच त्या पाण्यात झिरपतं. खाली मोठं आतडं असतं तर त्याने ते परत ओढलं असतं आणि हिशेब जुळला असता. आपल्याकडे ते मीठ पाण्यासकट पिशवीत. म्हणजे पिशवी आधीच धो धो वाहत असताना वरून चार तांबे साधं पाणी ओतलं की शरीर आणखी कोरडं पडतं, तहान आणखी वाढते. मी तीन उन्हाळे या रहाटाला फिरत होतो.

यातून सुटायची वाट साखरेतून जाते. मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले की आतड्याच्या पेशी दोघांना एकत्र आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, ते याच जोरावर. आमचा रोग वेगळा, पण गळती तीच.

काय प्यायचं, काय नाही

त्रास सुरू झाला की मी साधं पाणी, चहा, सरबत हे सगळं मिळून दिवसाला लिटरभरात बसवतो. बाकीची तहान ओआरएसवर. पुडीवरचं माप वाचा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. मोठी पुडी एक लिटरची. "चवीला खारट लागतं" म्हणून ती दीड लिटरमध्ये कालवायची नाही. मी आधी तेच करायचो. रात्री कालवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि गार करून दिवसभर घोट घोट प्यायची. गटागटा प्यायलं तर तेही पिशवीत. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

खोक्यातली तयार पेयं घेताना सावध. नावात ओआरएस असलेली, पण साखर भरमसाट आणि मीठ नावाला, अशी पेयं बाजारात खूप होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेने अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. तरी मागची बाजू वाचूनच घ्या.

ओआरएसने भागलं नाही तर डॉक्टर याहून खारट द्रावण सांगतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ओळखलं जाणारं एक आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, खायचा सोडा अडीच ग्रॅम. चव भयंकर. पण दोन दिवसांत माझा आकडा १६०० वरून ९०० वर आला होता. हे स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घ्यायचं नाही, आणि वजनकाट्यावर मोजल्याशिवाय तर नाहीच. प्रवासात काहीच हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे ओआरएसपेक्षा फिकं असतं, पण नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता आपल्या घरातली पेयं. भाताची पेज, मीठ जरा हात सैल सोडून, हे माझ्या मते सगळ्यात चांगलं. पिष्टाचं हळूहळू ग्लुकोज होतं, म्हणून ती अंगी लागते आणि पिशवीही घट्ट करते. ताक मीठ घालून चालतं, दूध सोसत नसेल त्यालाही बहुधा ताक सोसतं. नाचणीची आंबील आमच्याकडे उन्हाळ्यात असतेच, ती गाळून, मीठ घालून. उसाचा रस मात्र बंद. इतकं गोड पेय उलट आतड्यात पाणी ओढतं. रसवंतीतली घुंगरं वाजली की मी आजही पलीकडच्या फुटपाथवर जातो. कोल्ड्रिंक आणि पाकातलं कोकम सरबत याच रांगेत. शहाळ्याबद्दल सगळे भांडतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम अगदी कमी, म्हणून चवीला प्या, ओआरएसच्या जागी नको.

जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर. ही सवय लावायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण घरात पान वाढलं की शेजारी तांब्या-भांडं येतंच.

घट्ट करणारं खाणं

मऊ भात, दहीभात, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं, पांढरा ब्रेड, पोहे, साबुदाण्याची खीर. त्रासाच्या दिवसांत माझं ताट पांढरंफटक असतं. साबुदाणा हा आमच्यासाठी एकादशीचं वरदान आहे. खिचडीतला दाण्याचा कूट मात्र बारीक हवा, अर्धवट फुटलेले दाणे नकोत. भगरही छान. उपासाचा धोका निराळाच. सकाळपासून पोट रिकामं ठेवून तीन कप चहा मारला की पिशवीत वारा आणि पाणी दोन्ही. आईला मी एवढंच म्हटलं, "उपास करीन, पण उपाशी राहणार नाही." पंढरपूर आमच्यापासून जवळ, तिची श्रद्धा मोठी. तिने विठोबाशी काय बोलणं केलं ठाऊक नाही, पण आषाढीला सकाळी सातलाच माझ्यापुढे खिचडीची वाटी येते.

ज्वारीची भाकरी सोडवत नाही. मी मऊ, ताजी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खातो, कडक भाकरी नाही. शेंगदाण्याची चटणी कुटून बारीक केलेली असते, ती चमचाभर चालते आणि वर मीठही मिळतं.

इसबगोल घ्या, असं प्रत्येक जण सांगतो. त्याने पिशवीतलं घट्ट दिसतं हे खरं. पण ते पाणी भुशीने धरून ठेवलेलं असतं, शरीरात परत गेलेलं नसतं. घट्ट दिसलं म्हणून निर्धास्त झाला असाल तर मगाकडे आणि लघवीकडे बघा.

लोपेरामाइड ही आतड्याची चाल मंदावणारी गोळी बहुतेकांना देतात. ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, जेवणानंतर नाही. मी वर्षभर जेवण झाल्यावर बाकीच्या गोळ्यांबरोबर गिळत होतो. वेळ बदलल्यावर तेवढ्याच गोळ्यांत फरक पडला. किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. ताप असेल किंवा पिशवीत रक्त दिसत असेल तर विचारल्याशिवाय नाही. (रक्त म्हणून घाबरण्याआधी आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, तेही आठवा. मी रात्री दीडला बायकोला उठवलं होतं.) आणि कोणतीही गोळी पिशवीत अख्खी उतरताना दिसली तर लगेच सांगा. हळूहळू विरघळणाऱ्या, वरून जाड कवच असलेल्या गोळ्या आपल्याकडे विरघळायच्या आतच बाहेर पडतात. बीपीची, फिटची अशी गोळी असेल तर ती गंभीर गोष्ट आहे.

फसवं पाणी

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो तो भाग. पिशवीत पाणी येतंय, म्हणजे जुलाबासारखं काही असेल, असं प्रत्येक वेळी नसतं. आतडं तुंबायला लागलं की सुरुवातीला नेमकं हेच दिसतं. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने फक्त पाणी पिचकारीसारखं येतं, वासही वेगळा, आंबूस-घाण.

माझ्यावर ही वेळ हुरड्याने आणली. डिसेंबर, मित्राचं शेत, आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेला गरम हुरडा. गूळ, दही, चटणी. चार मुठी तरी खाल्ला असेन, आणि गप्पांच्या नादात चावलं किती ते देवालाच ठाऊक. संध्याकाळी पिशवीत पाणी सुरू झालं. मी शहाण्यासारखं लोपेरामाइड घेतलं. म्हणजे तुंबत चाललेल्या मोरीला वरून बोळा. रात्री नऊनंतर पिशवी कोरडी, पोटात कळा लाटांसारख्या, स्टोमा सुजून जांभळट, मग उलट्या. इस्पितळात नाकातून नळी आणि सलाइन. दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप मोकळं झालं. ऑपरेशन टळलं ते नशीब.

तेव्हापासून पाणी दिसलं की मी आधी पोटावर हात ठेवतो. पोट मऊ आहे, कळा नाहीत, खाल्लेलं थोडंफार येतंय, तर गळती: ओआरएस, मऊ भात, गोळी. पोट फुगलंय, कळ येऊन जाऊन लागतेय, स्टोमा सुजलाय, काल-आज काही चिवट खाल्लंय, तर तुंबणं: गोळी अजिबात नाही, घन खाणं बंद. उलटी नसेल तर कोमट पेयाचे घोट, गरम पाण्याने अंघोळ, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडणं, स्टोमाभोवती हलक्या हाताने चोळणं. बेसप्लेटचं, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं, भोक घट्ट बसत असेल तर ती काढून मोठ्या भोकाची लावणं. जुलाब होण्याचं औषध आणि एरंडेल तर कुणी कितीही सांगितलं तरी नाही. चार ते सहा तास पिशवीत काही आलं नाही, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर घरी वाट बघायची नाही.

अडकणारे पदार्थ आपल्या स्वयंपाकात ठिकठिकाणी दडलेले असतात. हुरडा, मक्याचं कणीस आणि पॉपकॉर्न हे उघड शत्रू. खोबरं मात्र लक्षात येत नाही: मोदकाचं सारण, चिवड्यातले काप, भाजीवर पेरलेलं ओलं खोबरं. कोकणातल्या मंडळींनी नारळाचं गाळलेलं दूध वापरावं, म्हणजे सोलकढी सुटायला नको. शेवग्याच्या शेंगा चोखून चोथा टाकायचा. पालेभाजीचे देठ काढून पानं शिजवून घोटायची. मटकी, हरभरे सालासकट नको, डाळ चालते. पेरूच्या बिया, संत्र्याच्या फोडीवरची साल, मश्रूम, सुका मेवा. ऑपरेशननंतरचे सहा-आठ आठवडे हे काहीच नाही. त्यानंतर एका वेळी एकच पदार्थ, थोडा, आणि चावून चावून अगदी पातळ लगदा होईपर्यंत. कुणाला काय सोसतं ते वेगवेगळं. माझ्या ओळखीतल्या एक बाई खुशाल भुट्टा खातात. मला बघवत नाही.

वारा धरणं हा त्यामानाने किरकोळ त्रास. कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, वाटाणे, सोड्याची पेयं, बोलत बोलत जेवणं. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवसापासून हे टाळतो. वासाला अंडी, मासे, लसूण कारण. दही-ताकाने थोडा फरक पडतो. रात्री पिशवी फुटायची भीती वाटत असेल तर जेवण साडेसातला उरका, आणि पिशवी बदलायची ती सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी. तेव्हा स्टोमा शांत असतो.

मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत स्टोमा थेरपिस्ट असतात. गावाकडे यातलं काही नसतं. रात्री कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरने इलिओस्टॉमी फार पाहिलेल्या असतीलच असं नाही, आणि तेव्हा आपल्याला समजावून सांगायचं त्राण नसतं. म्हणून मी पाकिटात एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीय, तुम्हीही करा. माझी अशी आहे:

"मला कायमची इलिओस्टॉमी आहे. मोठं आतडं पूर्ण काढलेलं आहे. जुलाब होण्याचं (रेचक) औषध देऊ नये. पिशवी वाहत असेल तर मीठ कमी झालेलं असतं, नुसतं पाणी पाजू नये. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि लघवीतलं सोडियम बघावं. पिशवी कोरडी असेल आणि कळा असतील तर आतडं तुंबलेलं असू शकतं, सर्जनना बोलवावं. कालचा आकडा बायकोला माहीत आहे."